आधी धूळ समजून घ्या: सीएमबी फोरग्राउंडकडे वळू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार हे पक्कं झाल्यापासून हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांचे मेसेज वाढले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला २६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून तर "सर, आपल्याकडं आता खगोलशास्त्रात करिअर होईल का?" हा प्रश्न नेहमीचाच झालाय. होईल, आणि लायगोची वाट न बघताही होईल. मी जिंतूर तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, परभणीला बीएस्सी आणि नांदेडला एमएस्सी केली आणि मग या क्षेत्रात आलो. माझं काम गुरुत्वीय लहरींच्या यंत्रावर चालत नाही. आपल्याच आकाशगंगेतल्या वायूतून आणि धुळीतून येणाऱ्या मायक्रोवेव्हचा मी अभ्यास करतो. विश्वशास्त्रवाले त्याला 'फोरग्राउंड' म्हणतात आणि बहुतेकांना तो लवकरात लवकर काढून टाकायचा असतो. मला तो ठेवायचा असतो. या विषयाची माहिती आपल्या कॉलेजांमध्ये कुणी देत नाही, म्हणून हे लिहितोय.

विषय थोडक्यात असा. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना इतकं थंड झालं की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजन तयार झाला, आणि तोवर अडकून पडलेला प्रकाश मोकळा झाला. तो प्रकाश आजही सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो, फक्त विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन मायक्रोवेव्ह झालाय. त्याचं तापमान २.७२५ केल्विन. पेन्झियास आणि विल्सन यांना तो १९६४-६५ मध्ये सापडला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यालाच आपण सीएमबी, म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड म्हणतो. दिशा बदलली की त्याच्या तापमानात साधारण लाखात एक भाग एवढा फरक पडतो. आजच्या दीर्घिकांची बीजं त्या फरकातच आहेत आणि विश्वाचं वय, त्यातल्या पदार्थाचं प्रमाण हे सगळं तिथूनच मोजलं जातं.

अडचण अशी, की हा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो आकाशगंगेच्या आतून. आणि आकाशगंगाही नेमकी त्याच वारंवारितांना चमकते. तिच्या पट्ट्यात तर तिचीच चमक सीएमबीच्या चढउतारांपेक्षा कितीतरी पट मोठी असते. नवीन मुलं आली की ती थेट 'बिग बँग' म्हणतात, 'इन्फ्लेशन' म्हणतात. माझं त्यांना पहिल्या दिवसापासून एकच सांगणं असतं: जे वजा करायचंय ते आधी समजून घ्या. ज्याला धूळ कळत नाही त्याच्या हातून बिग बँगही नीट मोजला जात नाही. हे मी शिकवणीचं वाक्य म्हणून सांगत नाही. २०१४ मध्ये अख्ख्या जगासमोर ते घडलंय, त्याकडे पुढे येतो.

आकाशगंगा मायक्रोवेव्हमध्ये का चमकते? मुख्य कारणं चार आहेत. तीन लवकर सांगून होतात, चौथ्याला वेळ लागेल, आणि मला ते सगळ्यात आवडतं.

पहिलं सिंक्रोट्रॉन. ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि प्रारण सोडतात. कमी वारंवारितेला हे जोरात असतं आणि वारंवारिता वाढली की झपाट्याने पडतं; तापमानाच्या भाषेत साधारण वारंवारितेच्या उणे तिसऱ्या घाताने. १९८२ चा ४०८ मेगाहर्ट्झचा हॅस्लम नकाशा आजही त्याचा आधार आहे. जॉड्रेल बँक, एफेल्सबर्ग आणि पार्क्स इथल्या दुर्बिणींनी मिळून केलेला हा नकाशा या क्षेत्रातल्या प्रत्येकाने कधी ना कधी उघडलेला असतो. दुसरं फ्री-फ्री. तरुण, तप्त ताऱ्यांभोवतीच्या आयनीभूत वायूत इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळून जाताना वळतात आणि प्रारण सोडतात. याचा घात उणे २.१ च्या आसपास, म्हणजे उतार सिंक्रोट्रॉनपेक्षा सौम्य. तिसरी उष्णतेने चमकणारी धूळ. ताऱ्यांचा प्रकाश शोषून सिलिकेट आणि कार्बनचे कण २० केल्विनच्या आसपास तापतात आणि तीच उष्णता परत टाकतात. ही धूळ आंतरतारकीय वायूच्या वस्तुमानाच्या साधारण एक टक्काच असते, पण १०० गिगाहर्ट्झच्या वर सगळं आकाश तिचंच.

म्हणजे एका बाजूने सिंक्रोट्रॉन आणि फ्री-फ्री उतरतात, दुसऱ्या बाजूने धूळ चढते. मध्ये ७० ते ८० गिगाहर्ट्झच्या आसपास एक दरी तयार होते, जिथे आकाशगंगा सगळ्यात मंद असते. सीएमबीच्या तापमानासाठी खिडकी आहे ती तिथेच. चित्र इतकं सुटसुटीत दिसत असताना १९९६ मध्ये सीएमबी मोजणाऱ्या कोबे उपग्रहाच्या नकाशांचा अभ्यास करणाऱ्यांना ३१.५ गिगाहर्ट्झला काहीतरी जास्तीचं दिसलं. ते जास्तीचं प्रारण नेमकं जिथे धूळ होती तिथेच होतं. पण २० केल्विनची धूळ ३० गिगाहर्ट्झला इतकी चमकूच शकत नाही. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ओव्हन्स व्हॅलीतल्या दुर्बिणींनी १४.५ आणि ३२ गिगाहर्ट्झला तेच पाहिलं. हेच ते चौथं कारण. नाव पडलं 'विसंगत मायक्रोवेव्ह प्रारण', आणि ते नाव अजूनही चिकटून आहे.

१९९८ मध्ये ड्रेन आणि लझारियन यांनी कारण मांडलं: धुळीचे सर्वांत लहान कण, नॅनोमीटरच्या घरातले, स्वतःभोवती फिरतात. वायूचे अणू येऊन आदळतात, ताऱ्याचा प्रकाश पडतो, या धक्क्यांनी कण गरागरा फिरू लागतो. त्याच्यावर विद्युतभार थोडा एका अंगाला असेल, तर तो फिरणारा डायपोल झाला. आणि फिरणारा डायपोल स्वतःच्या फिरण्याच्या वारंवारितेला प्रारण सोडणारच. ३० गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३००० कोटी फेऱ्या. कण जितका लहान तितका तो जोरात फिरतो, म्हणूनच हे प्रारण मोठ्या कणांपासून येत नाही. डायपोलचं प्रारण बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. तेच समीकरण शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या एका कणाला लागू पडतंय, हे मी पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हाच माझं ठरलं की काम यावरच करायचं. अजूनही तो कण नेमका कशाचा, बेंझिनच्या कड्या जोडून झालेल्या मोठ्या रेणूंचा, की सिलिकेटचा, की आणखी कशाचा, यावर एकमत नाही. म्हणजे नव्या माणसाला इथे काम शिल्लक आहे.

आता २०१४. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने १७ मार्च २०१४ रोजी जाहीर केलं, की सीएमबीच्या ध्रुवीकरणात 'बी-मोड' नावाची पिळाची नक्षी सापडली आहे. विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वीय लहरींचा हा ठसा असू शकत होता. त्या लहरींचं प्रमाण सांगणारा 'आर' हा आकडा त्यांनी ०.२ काढला होता. जगभर बातम्या झाल्या. ते निरीक्षण १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारितेचं होतं, आणि त्या भागातल्या धुळीचं ध्रुवीकरण किती, याचं अंदाजावर आधारलेलं उत्तर त्यांच्याकडे होतं, मोजलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये सीएमबीचे नकाशे करणाऱ्या युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या गटाने ३५३ गिगाहर्ट्झचं मोजमाप समोर ठेवलं. धुळीचे कण चुंबकीय क्षेत्राच्या संदर्भात एका ठरावीक तऱ्हेने रांगेत उभे राहतात, त्यामुळे त्यांचं प्रारण काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत ध्रुवीकृत असतं. बायसेपने निवडलेला तो 'स्वच्छ' तुकडाही स्वच्छ नव्हता. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी माहिती एकत्र करून सांगितलं, की 'आर' ०.१२ पेक्षा कमी आहे, एवढंच म्हणता येतं. पुढे २०२१ मध्ये ही मर्यादा ०.०३६ वर आली.

यात कुणाला हसण्यासारखं काही नाही. ती माणसं आणि त्यांचं यंत्र, दोन्ही अव्वल आहेत. पण त्या वर्षानंतर फोरग्राउंडचं काम करणाऱ्यांना मान मिळू लागला, आणि आज जी कुठली मोहीम आखली जाते तिच्यात वारंवारितांचे पट्टे धुळीचा आणि सिंक्रोट्रॉनचा विचार करूनच ठरतात. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या सायमन्स वेधशाळेने २७ पासून २८० गिगाहर्ट्झपर्यंत सहा पट्टे घेतले आहेत. जपानच्या पुढाकाराच्या लाइटबर्ड उपग्रहाच्या आराखड्यात पंधरा आहेत. इतके पट्टे सीएमबीला लागत नाहीत. ते लागतात आकाशगंगेला ओळखायला.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण आपल्या भागातली मुलं तो हमखास करतात. लायगो-इंडिया ज्या गुरुत्वीय लहरी ऐकणार आहे त्या कृष्णविवरं आणि न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना निघालेल्या, सेकंदाला दहापासून हजारांपर्यंत कंपनं असणाऱ्या. बी-मोडमागच्या लहरींची लांबी विश्वाच्या मापाची. त्या औंढ्याच्या चार किलोमीटरच्या भुजांना कधीच जाणवणार नाहीत. दोन्ही विषय मोठे आहेत, पण तयारी वेगळी लागते. लेसर, आरसे, कंपनं, इलेक्ट्रॉनिक्स यात हात चालत असेल तर लायगोकडे जा. नकाशे, संख्याशास्त्र, वायू-धुळीचं भौतिकशास्त्र ओढत असेल तर इकडे या.

वेगळं काढायचं कसं, ते आता. सप्ताहातलं कीर्तन डोळ्यांसमोर आणा. मंडपात चार कोपऱ्यांत चार माइक ठेवलेत. कुठल्या माइकला टाळ जवळ, कुठल्याला मृदंग, कुठल्याला पेटी. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये त्यांचं प्रमाण वेगळं येईल. समजा वीणेचा सूर मात्र चारही माइकमध्ये अगदी सारखाच येतो. आता चारही रेकॉर्डिंगना असे गुणक लावा की त्या गुणकांची बेरीज १ राहील. म्हणजे वीणा जशी आहे तशी राहणार. मग या अटीत राहून एकूण आवाजाचा चढउतार कमीत कमी होईल असे गुणक शोधा. टाळ-मृदंग एकमेकांना खोडतात, वीणा उरते. या पद्धतीला 'इंटर्नल लिनिअर कॉम्बिनेशन', म्हणजे आयएलसी म्हणतात. वीणा म्हणजे सीएमबी: तिचा वर्णपट काटेकोर माहीत असल्याने योग्य एककात ती प्रत्येक वारंवारितेला सारखीच दिसते. गणित म्हणाल तर लॅग्रांज गुणक आणि एक मॅट्रिक्स उलटी करणं, बस. २००६ मध्ये आयआयटी कानपूर आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी याच धर्तीवर, बाहेरचा एकही नकाशा न वापरता, फक्त नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या माहितीतून सीएमबीचा पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कोनीय मापाला चढउतार किती, ते काढून दाखवलं होतं. हे काम आपल्याकडचं आहे, ते वाचा.

पण आयएलसीला धुळीबद्दल काहीही माहीत नसतं, आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. धुळीचं तापमान आकाशात जागोजागी बदलतं. इथे जो गुणक चालला तो तिथे चालत नाही. प्लँकच्या गटाने म्हणूनच एकावर न थांबता चार वेगवेगळ्या पद्धतींनी सीएमबीचे नकाशे काढले आणि ताडून पाहिले. त्यातल्या कमांडर या पद्धतीत प्रत्येक घटकाचं भौतिकशास्त्र आधी लिहून मग ते नकाशावर बसवलं जातं. तरीही आकाशगंगेचा मधला पट्टा झाकून साधारण ७८ टक्के आकाशच विश्वासाने वापरता येतं.

आता हाताने करायचं काम. यासाठी ओळख लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. डब्ल्यूमॅपचे २३ ते ९४ गिगाहर्ट्झचे पाच नकाशे आणि प्लँकचे ३० ते ८५७ गिगाहर्ट्झचे नऊ नकाशे नासाच्या लॅम्ब्डा आणि युरोपच्या प्लँक लेगसी अर्काइव्ह या संकेतस्थळांवर सगळ्यांना फुकट आहेत. आपल्या अभ्यासिकांमधलं नेट कसं असतं ते मला माहीत आहे, म्हणून सुरुवात डब्ल्यूमॅपपासून करा, त्यांच्या फाइली लहान आहेत. प्लँकचा ३५३ गिगाहर्ट्झचा एक पूर्ण नकाशा पाच कोटींहून जास्त पिक्सेलचा असतो, फाइल जवळपास दोन जीबी होते. ती रात्री लावून ठेवा. नकाशे हीलपिक्स नावाच्या रचनेत असतात आणि ते उघडायला पायथनमधलं 'हीलपाय' हे पॅकेज लागतं. लिनक्सवर ते नीट बसतं. लॅपटॉप जुना असेल किंवा विंडोज असेल तर गूगल कोलॅब वापरा.

आकाशाचा एक तुकडा निवडा. माझ्या विद्यार्थ्यांना मी ययाती (पर्सियस) तारकासमूहातला रेणुमेघ देतो. संक्रांतीच्या आसपास संध्याकाळी शेतात उभं राहिलं तर कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असते. तिच्या उत्तरेला ययाती. त्या दोघांच्या मधल्या, डोळ्याला रिकाम्या दिसणाऱ्या भागात हा मेघ आहे, साधारण हजार प्रकाशवर्षं दूर. आकाशगंगेच्या निर्देशांकांत रेखांश १६०.३, अक्षांश उणे १८.६. २००५ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या कॉस्मोसोमास प्रयोगाने इथलं विसंगत प्रारण मोजलं आणि २०११ मध्ये प्लँकने फिरत्या धुळीचा पुरावा दाखवला तोही इथेच, आणि ज्येष्ठा नक्षत्राजवळच्या भुजंगधारीतल्या (ऑफियुकस) मेघात.

सगळे नकाशे आधी एकाच स्पष्टतेवर आणा. प्लँकची नजर ३० गिगाहर्ट्झला ३२ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि ३५३ ला ५ कलांची आहे, त्यामुळे सरळ तुलना केली तर काहीच खरं येणार नाही. सगळे एक अंशापर्यंत धूसर करा. मग मेघावर एक अंश त्रिज्येचं वर्तुळ टाका, आणि भोवतालचं आकाश वजा करायला ८० ते १०० कलांच्या मधलं कडं घ्या. आणि मग एकक. इथे घाई करू नका, हवं तर आठवडा द्या. प्लँकचे ३५३ पर्यंतचे नकाशे 'सीएमबी केल्विन'मध्ये असतात, ५४५ आणि ८५७ चे मात्र मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन या तेजाच्या एककात. धुळीसाठी रॅले-जीन्सचं तापमान सोयीचं. ३० गिगाहर्ट्झला या दोन केल्विनमध्ये दोन-अडीच टक्क्यांचाच फरक आहे. १४३ ला १.६५ पट. ३५३ ला जवळपास १३ पट! हा गुणक कृष्णिकेच्या (ब्लॅकबॉडी) प्रारणाच्या प्लँक सूत्राचं तापमानाच्या सापेक्ष विकलन करून स्वतः काढा, तयार आकडा उचलू नका. एकदा हाताने काढला की कुठलाही शोधनिबंध वाचताना एकक कुठे बदललं ते आपोआप डोळ्यांत भरतं.

शेवटी प्रत्येक वारंवारितेचा प्रवाह जान्स्कीमध्ये लॉग-लॉग आलेखावर मांडा. उजवीकडे धुळीचा उंच डोंगर येईल. डावीकडे, ४०८ मेगाहर्ट्झचा हॅस्लम नकाशाही जोडलात तर, जान्स्कीमध्ये जवळजवळ सपाट दिसणारं फ्री-फ्री. आणि मध्ये ३० गिगाहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा, जो या दोन्ही रेषांनी भरून निघत नाही. तोच फिरणाऱ्या धुळीचा. आणखी दोन गोष्टी दिसतील. १०० आणि २१७ गिगाहर्ट्झचे बिंदू धुळीच्या वक्राच्या थोडे वर बसतील. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषा ११५.३ आणि २३०.५ गिगाहर्ट्झला असतात आणि त्या प्लँकच्या या पट्ट्यांत शिरतात; रेणुमेघ म्हटला की त्या असणारच, म्हणून वक्र बसवताना हे दोन बिंदू बाजूला ठेवतात. दुसरं म्हणजे ७० ते १४३ च्या दरम्यानचे बिंदू जरासे हललेले वाटतील. तिथे सीएमबीचे चढउतार तुमच्या मोजमापात मिसळलेत. मेघ अभ्यासणाऱ्यासाठी सीएमबीच अडथळा झाली! ज्याला हे एका आलेखावर दिसलं त्याला अख्खा विषय समजला असं मी समजतो. मग तीच कृती जवळच्याच कॅलिफोर्निया तेजोमेघावर करा, फक्त सहा-साडेसहा अंश उत्तरेला. तिथे तरुण ताऱ्याने वायू आयनीभूत केलाय, फ्री-फ्री वरचढ आहे, आलेखाचा आकारच बदलतो.

हे करायला कोणतं गणित लागतं? गोलीय हार्मोनिक्स. एमएस्सीत लीजांद्रेच्या बहुपदी 'दहा मार्कांचा प्रश्न' म्हणून येतात. इथे आकाशावरचं सगळं त्यांच्यातच लिहिलं जातं, तेव्हा हायड्रोजन अणूच्या निमित्ताने त्या पुन्हा एकदा मनापासून करा. रेखीय बीजगणित, म्हणजे आयगेनव्हॅल्यू आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्स. संख्याशास्त्र हा आपल्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात कच्चा कोपरा आहे, तो एनपीटीईएलच्या ऑनलाइन व्याख्यानांवरून स्वतः भरून काढा. इंग्रजीची भीती घेऊन बसू नका. मराठी माध्यमातून आल्यामुळे मला शोधनिबंध वाचायला सुरुवातीला फार वेळ लागायचा. मी समीकरणं आणि आकृत्या आधी वाचायचो, मजकूर नंतर. आजही मी तसाच वाचतो, आणि तीच पद्धत बरी आहे असं माझं मत झालंय.

संस्थांबद्दल. पुण्याची आयुका ही १९८८ मध्ये स्थापन झाली तीच मुळी विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात काम करता यावं म्हणून. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथलं ग्रंथालय, तिथली उन्हाळी शिबिरं, सुट्टीतले प्रकल्प हे तुमच्यासाठीच आहेत. तुमच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात कुणी प्राध्यापक आयुकाचे असोसिएट असतील तर त्यांना जाऊन भेटा. आपल्याकडची मुलं सरांच्या केबिनमध्ये काम असल्याशिवाय जात नाहीत. या कामासाठी जा. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप हा दुसरा चांगला रस्ता, तिच्यासाठी दुसऱ्या वर्षापासूनच तयारी ठेवा. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट आणि संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा. पुण्यात आयुका आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राची संस्था), मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बंगळुरूत रामन संशोधन संस्था आणि आयआयए (भारतीय खगोलभौतिकी संस्था), शिवाय आयसर, अशी ठिकाणं नजरेसमोर ठेवा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर किंवा रामन संस्थेच्या सारस प्रयोगात हायड्रोजनची २१ सेंटिमीटर रेषा शोधतात. तिथे वारंवारिता कमी, पण आकाशगंगा वजा करण्याचं दुखणं आणखी मोठं, त्यामुळे इथे शिकलेलं तिथे चालतं.

घरच्यांशी बोलताना काय सांगायचं, हे मुलं चोरून विचारतात. खरं ते सांगा. पीएचडीला जेआरएफ या फेलोशिपचे महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ या वरच्या फेलोशिपचे ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे पाच वर्षं घरून पैसे मागावे लागत नाहीत. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागा, बहुधा परदेशात. कायमच्या जागा थोड्या आहेत आणि उमेदवार जास्त. ज्यांना ती मिळत नाही ते डेटाच्या कामात चांगल्या नोकऱ्या करतात, कारण कोट्यवधी पिक्सेलमधून एक मंद संकेत वेगळा काढण्याची सवय कुठेही उपयोगी पडते. अभ्यासिकेत शेजारी एमपीएससीची मुलं बसलेली असतात, त्यांच्या बापांना तीन-चार वर्षांची अनिश्चितता मान्य असते. तुमच्या वडिलांनाही ती मान्य होऊ शकते, पण आकडे समोर ठेवून बोललात तर. मुलीला तर घरातून पुण्याला पाठवण्यापासून प्रश्न सुरू होतात. तिथल्या वसतिगृहाची, मार्गदर्शकाची माहिती आधी काढून, जमलं तर आई-वडिलांना एकदा संस्था दाखवून आणा. माझ्या ओळखीच्या दोघी अशाच आल्या.

मार्गदर्शकाला मेल लिहिताना "मला लहानपणापासून ताऱ्यांची आवड आहे" असं लिहू नका. ते सगळेच लिहितात आणि ते खरंही असतं. त्याऐवजी ययातीच्या मेघाचा तुमचा आलेख जोडा. खाली तीन ओळी: कोणते नकाशे वापरले, कुठला बिंदू तुम्हाला समजला नाही, आणि तो का समजला नसावा असं तुम्हाला वाटतं. मराठवाड्यातल्या कुठल्या कॉलेजचे आहात, मार्क किती, हे सगळ्यात शेवटी. मला असे मेल येतात तेव्हा मी त्याच दिवशी उत्तर देतो, आणि माझे बहुतेक सहकारीही देतात. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या माणसाला लिहा. सुट्टीतल्या प्रकल्पांच्या जागा बऱ्याच आधी भरतात, तेव्हा हे काम परीक्षा संपायची वाट बघत ठेवू नका; दिवाळीच्या सुट्टीत नकाशे उतरवून घ्या आणि संक्रांतीपर्यंत आलेख तयार ठेवा.